पर्यटन घराजवळचे

(सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पर्यटन हा शब्द रुळण्यापूर्वीही महाराष्ट्रातील माणूस हिंडत होताच. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, चैत्रात जोतिबा, पौषात पालीचा खंडोबा आणि सुगी उरकल्यावर गावोगावच्या जत्रा, असे त्याच्या वर्षाचे गणित बसलेले होते. तो पायी निघे किंवा बैलगाडीने जाई. वाटेतील गावात मुक्काम करी, तेथल्याच दुकानातून शिधा घेई आणि परतताना बुक्का, चुरमुरे किंवा एखादी घोंगडी घेऊन येई. त्याच्या हिंडण्यातून जो काही पैसा सुटे, तो वाटेवरच्या माणसांच्या हाती पडे.

आजचे पर्यटन याच्या नेमके उलट झाले आहे. अंतर वाढले आणि मुक्काम आटला. चार दिवसांच्या सुटीपैकी दीड दिवस विमानतळावर नाही तर महामार्गावर जातो. पाहुणा ज्या गावी उतरतो, त्या गावच्या माणसाशी त्याचे दोन वाक्यांचेही बोलणे होत नाही. या बदलाची चर्चा आजवर हौस आणि खर्च या दोन अंगांनी होत असे. हवामानबदलामुळे तिला तिसरे अंग आले आहे, आणि त्याचा संबंध ग्रामपंचायतीच्या कारभाराशी थेट पोहोचतो.

अंतराचा हिशेब

जागतिक पर्यटन संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी २००८ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. माणसाच्या व्यवहारांतून हवेत मिसळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ५ टक्के वाटा पर्यटनाचा आहे, असे त्यात २००५ सालच्या आकड्यांवरून दाखविण्यात आले होते. त्या वाट्याची पुढील फोड अधिक बोलकी आहे. ४० टक्के विमानप्रवासाचा, ३२ टक्के मोटारगाड्यांचा आणि निवासव्यवस्थेचा अवघा २१ टक्के. पाहुण्याचे खाणेपिणे, खरेदी आणि त्यामागील सर्व पुरवठा धरून २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हरितगृह वायूंमधील पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के निघाला. कोणत्याही पद्धतीने मोजले तरी मोठा भार प्रवासाचा आहे. वातानुकूलित खोलीतील यंत्र बंद ठेवणे चांगलेच. पण त्या खोलीपर्यंत पाहुणा किती किलोमीटर आला, हा प्रश्न त्याहून मोठा ठरतो.

हा हिशेब वहीवर मांडता येण्याजोगा आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. येऊन-जाऊन ४०० किलोमीटरच्या सहलीस लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार घेतली, तर सुमारे ६० किलो वायू निघतो. चार माणसे असतील तर प्रत्येकी १५ किलो. त्याच अंतरासाठी राज्य परिवहनाची चाळीस प्रवाशांनी भरलेली गाडी घेतली, तर प्रत्येकी सुमारे ६ किलो. मुंबईहून बँकॉकला विमानाने जाऊन परत येणारा प्रवासी सुमारे ६,००० किलोमीटर अंतर कापतो आणि दर किलोमीटरला १०० ग्रॅम धरले तरी त्याच्या नावावर ६०० किलो पडतात. आकडे ढोबळ आहेत. तथापि सहा, पंधरा आणि सहाशे यांतील अंतर असे आहे की हिशेबातील थोड्याफार चुकीने ते पुसले जाणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. ज्याने विमानाची पायरी कधी चढली नाही, त्याच्याच दारात या वायूचे परिणाम प्रथम येतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत झोपल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत चिपळूण पाण्याखाली गेले आणि महाडजवळील तळिये गावावर डोंगर कोसळला. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेलेली इर्शाळवाडी तर इर्शाळगडाच्या वाटेवरच होती. गडावर जाणाऱ्यांचा रस्ता तिच्या अंगणातून जात असे. एकेका घटनेस एकच कारण जोडणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु समुद्र तापला की वादळांना बळ मिळते आणि उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेवते, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही.

म्हणून प्रवास आखूड व्हावा, मुक्काम लांबावा आणि पाहुण्याचा पैसा ज्या गावचे निसर्गधन तो पाहतो त्याच गावात राहावा, अशी दिशा पुढे येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेच्या वेळी पर्यटनक्षेत्राने जो जाहीरनामा स्वीकारला, त्याचाही रोख उत्सर्जन घटविण्याकडे होता. पण ग्लासगोचा जाहीरनामा मंडणगड तालुक्यात कसा अमलात आणायचा, हे ग्लासगोला माहीत असण्याचे कारण नाही. ते मंडणगडलाच ठरवावे लागते.

केवळ जवळ असून भागत नाही

एक गैरसमज आधी दूर करावा लागेल. पर्यटन जवळचे झाले म्हणजे ते आपोआप चांगले झाले, असे नाही. लोणावळा मुंबई-पुण्याला जवळच आहे. तेथील भुशी धरणाच्या परिसरात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला व चौघांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी आलेले लोक आसपासचेच होते, रविवारची सुटी घालवण्यासाठी आलेले.

काजव्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अकोले तालुक्यात भंडारदरा आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मे अखेरीस व जूनच्या आरंभी हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर लाखो काजवे लुकलुकतात. हे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. पाहुणा ते पाहण्यासाठी मोटारीचे दिवे लावून झाडाखाली येतो, विजेरी मारतो, आणि ज्यासाठी आला त्यावरच उजेड टाकतो. शनिवारच्या रात्री घाटात मोटारींची रांग लागते. इंधन जळतच असते.

तरीही हा हंगाम बंद व्हावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही, कारण त्यातून येणारा पैसा भाताच्या पेरणीच्या अगदी तोंडावर हाती येतो. बी-बियाणे आणि खत यांसाठी त्या दिवसांत डोंगरी शेतकऱ्याला रोख रक्कम लागते आणि ती एरवी सावकाराकडे किंवा मजुरीतच शोधावी लागते. अडचण दुसरीच आहे. मे-जून हे दिवस डोंगरातील पाणीटंचाईचेही असतात. गावची विहीर तळाला गेलेली असताना पाहुण्याच्या आंघोळीला दोन बादल्या द्यायच्या, त्या कोणाच्या हंड्यातून? पाहुण्यांची संख्या ठरवताना खोल्या आणि खाटा मोजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. डोंगरातील गावाने प्रथम विहिरीतील पाणी मोजावे आणि मग किती पाहुणे घ्यायचे ते ठरवावे.

वेळासची टोपली

ज्या ठिकाणी हे काम बऱ्या रीतीने उभे राहिले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे नाव प्रथम घ्यावे लागते. बाणकोट खाडीच्या तोंडाशी वसलेले हे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ओळखले जाई. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे हिवाळ्यात तेथील वाळूत अंडी घालतात; एका मादीची शंभराच्या आसपास. पूर्वी त्यांतील बरीच माणसे खणून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री खात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांचे संरक्षण सुरू केले. अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, त्यांवर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायचे, अशी ही साधी रीत. पिल्ले बाहेर आली की ती पाण्यापासून काही अंतरावर सोडली जातात व स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जातात.

२००६ पासून हे दृश्य पाहण्यासाठी बाहेरच्या लोकांना बोलावण्यास आरंभ झाला. गावात मोठे हॉटेल नव्हते, ही त्या वेळी उणीव वाटली असेल. प्रत्यक्षात तोच गावाचा लाभ ठरला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, पडवीत अंथरूण टाकून झोपू लागले, पानात पडेल ते जेवू लागले. सोलकढी आणि उकडीचे मोदक यांसाठी वेगळी जाहिरात करावी लागली नाही. ज्या घरातील गृहिणीच्या कष्टाला कधी पैशांत मोल आले नव्हते, त्या घरात तिच्या हातच्या स्वयंपाकाचे पैसे येऊ लागले. जिवंत पिल्लू अंड्याहून अधिक देते, हे गावाने भाषण ऐकून नव्हे तर स्वतःच्या हिशेबातून ओळखले.

आता या टोपलीलाही हवामानबदलाचा हात लागला आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की माद्यांचे प्रमाण वाढत जाते आणि वाळू फारच तापली तर गर्भ अंड्यातच मरतो. घरट्यांवर सावली धरणे हा त्यावरील एक उपाय. अवकाळी पाऊस आणि लांबलेली थंडी यांमुळे पिल्ले निघण्याचा दिवसही मागेपुढे होतो. मुंबईहून सुटी काढून आलेल्या पाहुण्याला टोपलीखाली काहीच दिसले नाही, तर तो रागावतो. त्याला आधीच सांगून ठेवले पाहिजे की येथे खेळाची वेळ छापलेली नसते. असे सांगण्याचे धैर्य गावाजवळ असते. दूरच्या शहरात बसून जागा विकणाऱ्या दलालाजवळ ते सहसा नसते.

वेळासच्या अनुभवातून किनाऱ्यावरील इतर पंचायतींनी एक लहानशी बाब घ्यावी. पिल्ले समुद्राची दिशा क्षितिजावरील उजेडावरून ओळखतात. किनारा ‘विकसित’ करण्याच्या उत्साहात उंच खांबावर झगझगीत दिवे उभारले की पिल्ले पाण्याऐवजी रस्त्याकडे वळतात. दिव्याच्या खांबास निधी मिळतो, म्हणून तो घेतला जातो. अंधारासाठी कोणत्याही लेखाशीर्षाखाली निधी नाही.

आणखी एक. ज्या वर्षी ‘निसर्ग’ने बागा पाडल्या, त्याच वर्षी साथीच्या टाळेबंदीमुळे पाहुणेही थांबले होते. कोकणातील ज्या घरांनी बाग विकून खोल्या बांधल्या, त्यांच्यापाशी त्या वर्षी दोन्हींपैकी काही उरले नाही. पर्यटन हा जोडधंदाच असावा. शेती, बाग, मासेमारी यांच्या जागी ते बसविले, तर गाव एका दोरीवर उभे राहते आणि आजच्या हवामानात ती दोरी भरवशाची नाही.

सातारा जिल्ह्यातील कास पठाराचे वळण थोडे वेगळे आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला आणि ऑगस्ट अखेरीपासून फुले पाहण्यास लोटणारी गर्दी आवरेनाशी झाली. आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने वनविभागाच्या साहाय्याने प्रवेशशुल्क ठेवले, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली व आगाऊ नोंदणी सुरू केली. मर्यादा घालणे अप्रिय असते. परत पाठविलेला पाहुणा ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावतो. तो फोन आल्यावर काय होते, यावर मर्यादेचे खरेखोटेपण ठरते. पठाराला घातलेले जाळीचे कुंपणही पुढे काढावे लागले, कारण गुरांची चराई थांबल्याने गवत माजते आणि फुले दबतात, असा अनुभव पुढे आला. गुराख्याला ही गोष्ट विचारली असती, तर कुंपणाचा खर्च वाचला असता.

त्याच जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार येथे २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे पाहण्यासारखे म्हणजे गावातील घरांत मांडलेली मराठी पुस्तके. ना धबधबा, ना देऊळ. हिंडण्यासाठी निसर्गाचा चमत्कारच हवा असे नाही, हे तरी त्यावरून दिसले.

मुक्कामी गाडी

जवळच्या पर्यटनात मोटारींची गर्दी टाळायची, तर लोकांनी यायचे कशाने? रेल्वेचा उत्तम दाखला माथेरानचा. १९०७ पासून नेरळहून वर जाणारी ही छोटी गाडी आणि गावात मोटारींना बंदी, अशी व्यवस्था इंधनाच्या प्रश्नाआधीच्या शहाणपणाने उभी राहिली. पण जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला तो मार्च २००७ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा खचला तो ऑक्टोबर २०२२ पर्यंत पूर्णपणे चालू होऊ शकला नाही. कमी धूर सोडणारे साधनच अतिवृष्टीला प्रथम बळी पडावे, हा दुर्दैवी योग आहे. दरडप्रवण मार्गांच्या दुरुस्तीला म्हणून पर्यटनखर्चात वरचे स्थान मिळायला हवे. स्वागतकमानीला ते मिळते, त्याअर्थी ते देणे अशक्य नाही.

माथेरानसारखी रेल्वे प्रत्येक तालुक्याच्या नशिबी नाही. मुक्कामी एस. टी. मात्र असंख्य गावांच्या नशिबी आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघून गावात रात्री थांबणारी आणि सकाळी विद्यार्थी, दूध व भाजी घेऊन परतणारी ही गाडी १९४८ पासूनच्या सार्वजनिक प्रवासव्यवस्थेचे सर्वांत आपले रूप होय. पाहुण्याने शनिवारी संध्याकाळी तिने यावे आणि सोमवारी सकाळी तिनेच जावे, अशी आखणी झाली की मुक्काम आपोआप दोन रात्रींचा होतो. वाहनतळासाठी गायरान घेण्याची वेळ येत नाही. आगार व्यवस्थापकाशी बोलून हंगामापुरती वेळ अर्धा तास मागेपुढे करून घेणे हे सरपंचाच्या आवाक्यातील काम आहे. महिलांना तिकिटात मार्च २०२३ पासून मिळणारी निम्मी सवलत आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा विनामूल्य प्रवास यांमुळे घरातील ज्या व्यक्ती एरवी सहलीत मागे राहतात, त्यांनाही निघता येते.

शाळांच्या सहलींनाही एस. टी.ची निम्म्या भाड्याची सवलत आहे. त्या सवलतीत जलक्रीडा उद्यान पाहून येणाऱ्या शाळा काही थोड्या नाहीत. मुलांना मौज हवी, हे खरे. परंतु इयत्ता चौथीच्या मुलाने स्वतःच्या तालुक्यातील देवराई, बारव, वीरगळ किंवा पाणलोटाचे काम पाहिलेले नसावे, ही परिसर अभ्यासाची उणीव आहे. शिक्षकांनी मुलांकडून गावातील अशा गोष्टींची वही तयार करून घेतली, तर एका वर्षात जी माहिती जमेल ती कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा उपयुक्त ठरेल. कोणते झाड केव्हा फुलते, ओढा कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या कड्याखाली पावसाळ्यात थांबू नये, हे सारे तिच्यात यावे. अशा दहा वर्षांच्या वह्या जुळवल्या की हवामान किती सरकले हेही दिसेल.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांमधील १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत. पायथ्याच्या गावांपुढे हा प्रश्न यापुढे अधिकच तातडीने येणार. गर्दी वाढणारच आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या कोण उचलणार, गडाच्या वाटेवर खचलेला दगड प्रथम कोणाला दिसणार, वाट चुकलेल्याला रात्री शोधायला कोण जाणार, तर पायथ्याची वाडी. मग वाहनतळाचा ठेका, जेवणाची सोय आणि वाटाड्याचे काम बाहेरच्या माणसाकडे का असावे? ग्रामपंचायत अधिनियमाने यात्रेकरूंवर तसेच जत्रा-उत्सवांवर कर बसविण्याचा अधिकार पंचायतींना दिलेला आहे. तो वापरताना पावती द्यावी आणि वर्षाचा जमाखर्च चावडीवर लावावा. पैसा कशावर गेला हे दिसले की पाहुणाही कुरकुर करीत नाही, आणि गावातही दोन तट पडत नाहीत. पडले तर ते बहुधा याच जमाखर्चावरून पडतात.

पाहुण्यांची मर्यादा, पाण्याची मोजदाद, धोक्याच्या जागा आणि कोणत्या घरांनी पाहुणे ठेवायचे याची पाळी, हे विषय ग्रामसभेत ठरले तरच टिकतात. काजवे, धबधबे आणि पावसाळी वाटा असलेल्या गावांनी ते १ मेच्या सभेपुढे आणावेत, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी महिनाभर हाताशी राहतो. कास्तकार कामात गुंतलेला असला तरी किनाऱ्यावरील व गडांच्या पायथ्याच्या गावांना २ ऑक्टोबरची सभा सोयीची आहे. हिवाळी सुट्या आणि शाळांच्या सहली तिच्यानंतर सुरू होतात.